शरीराची साक्ष

अन्याय झालेल्या स्त्रीकडे न्यायालय दोन गोष्टी मागत असते. झाले ते तिने शब्दांत सांगावे, ही पहिली. आणि तिच्या शरीराने त्या शब्दांना दुजोरा द्यावा, ही दुसरी. वरवर पाहता ह्या मागण्या रास्तच आहेत. आरोपीचे स्वातंत्र्य पणाला लागलेले असते. पुराव्यावाचून कोणासही शिक्षा होऊ नये, हे तत्त्व आम्हां वकिलांच्या अंगी मुरलेले आहे आणि ते तसेच राहावे. परंतु ज्या शरीराकडून आपण साक्ष मागतो, ते शरीर खटला संपल्यावर कोठे जाते, त्याला झोप येते की नाही, ते स्वतःच्या स्पर्शानेही दचकते काय, ह्याचा विचार आपल्या कायद्याने फार उशिरा केला, आणि केला तोही फार थोडा. ह्या विचाराचा इतिहास, आणि त्याच्या कडेकडेने वाढलेली एक उपचारपद्धती, हे ह्या लेखाचे विषय आहेत. ती पद्धती म्हणजे नृत्योपचार. लैंगिक अत्याचारातून वाचलेल्या स्त्रीला ताल, श्वास आणि हालचाल ह्यांच्या आधाराने आपल्या शरीरात पुन्हा निर्भयपणे राहता यावे, एवढाच तिचा हेतू आहे.

हा विषय मोठ्या शहरांचा, असे पुष्कळांना वाटेल. आम्ही तो मुद्दाम भीमपूरच्या बाजूने पाहू इच्छितो. आदिलाबाद जिल्ह्यात, पैनगंगेच्या दक्षिणेकडील मुलुखात भीमपूर आहे. २०१६ साली तेलंगणात जिल्ह्यांची फेररचना झाली तेव्हा ते मंडळाचे ठिकाण झाले. नदीपलीकडे यवतमाळ जिल्हा. ह्या पट्ट्यात घरात मराठी, पाड्यावर गोंडी किंवा कोलामी, तांड्यावर बंजाऱ्यांची बोली, बाजारात दखनी आणि कचेरीत तेलुगू, असा व्यवहार आहे. निजामाच्या राज्यात न्यायदान उर्दूत चाले. १९५६ नंतर तेलुगू आणि इंग्रजी आल्या. राज्ये बदलली, तरी एक गोष्ट बदलली नाही: येथील सामान्य माणसाला न्याय मागावयाचा तो बहुधा दुसऱ्याच्या भाषेत. शेताच्या बांधावरून कर्ज मागतानाही जी भाषा अपुरी पडते, तीत एखाद्या मुलीने आपल्या देहावर झालेल्या बलात्काराचे वर्णन करावे, ही अपेक्षा किती कठीण आहे ते वाचकांनीच पाहावे. शब्दांच्या आधीची भाषा जी हालचाल, तिची आठवण म्हणूनच अशा ठिकाणी विशेष व्हावी.

आता इतिहासाकडे वळू. चांद्याच्या गोंड राजघराण्याची परंपरा सिरपूरपासून सांगितली जाते, आणि सिरपूर हे जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातलेच. म्हणजे आजची चंद्रपूर, गडचिरोली आणि आदिलाबाद ही नावे वेगळी असली तरी गोंडवनाचा धागा एकच आहे. ह्याच धाग्यावर, तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातील देसाईगंज येथे, २६ मार्च १९७२ च्या रात्री एक आदिवासी मुलगी पोलिस ठाण्यात आणली गेली. ती पोरकी होती, भावाजवळ राहून मोलमजुरी करीत असे, आणि वैद्यकीय अंदाजाप्रमाणे तिचे वय चौदा ते सोळा होते. ठाण्याच्या आवारातच दोघा पोलिसांनी आपल्यावर अत्याचार केला, अशी तिची फिर्याद होती. सत्र न्यायालयाने १९७४ साली आरोपींना सोडले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ साली तो निकाल फिरवला. भयाने गप्प राहणे निराळे आणि संमती देणे निराळे, हा विवेक त्या खंडपीठाने दाखवला होता. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने मात्र पुन्हा आरोपींची मुक्तता केली. मुलीच्या अंगावर जखमेची खूण नाही, झटापटीचे चिन्ह नाही, म्हणून तिने प्रतिकार केला नसावा. आणि प्रतिकार नाही, तेथे तिचे म्हणणे मानता येत नाही, अशी त्या निकालाची विचारसरणी होती. तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य ह्या नावाने तो निकाल प्रसिद्ध आहे.

त्या मुलीचे नाव कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक आहे. पीडितेचे नाव प्रसिद्ध करणे हा गुन्हा, असा नियम १९८३ च्या दुरुस्तीने केला; परंतु ज्या खटल्यामुळे ती दुरुस्ती झाली त्यातल्या मुलीलाच त्याचा लाभ मिळाला नाही. आम्ही ते नाव येथे लिहीत नाही.

१६ सप्टेंबर १९७९ रोजी उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर ह्या चार विधिप्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना एक खुले पत्र लिहिले. त्यांपैकी धागमवार पुण्याच्या. न्यायालयाच्या निकालावर कायद्याच्याच अध्यापकांनी अशी जाहीर टीका करावी, हे तेव्हा धाडसाचे होते. त्या पत्रातून आणि त्यामागून उठलेल्या स्त्रियांच्या चळवळीतून १९८३ ची दुरुस्ती आली. पोलिसांच्या किंवा अन्य अधिकाऱ्याच्या ताब्यातील स्त्रीने ‘माझी संमती नव्हती’ असे सांगितले तर न्यायालयाने तसे गृहीत धरावे, हे तत्त्व तेव्हापासून पुराव्याच्या कायद्यात आले. २०१३ च्या दुरुस्तीने आणखी एक पाऊल टाकले: स्त्रीने शारीरिक प्रतिकार केला नाही, एवढ्याच कारणाने तिची संमती होती असे मानू नये, हे स्पष्ट शब्दांत लिहिले गेले. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्येही हा नियम कायम आहे.

देसाईगंजच्या निकालात जे गृहीत होते त्याला आज शरीरशास्त्राचाही आधार उरलेला नाही. संकट आले की प्राणी लढतो किंवा पळतो, हे आपण शाळेत शिकतो. तिसरी एक अवस्था आहे, ती आपण शिकत नाही. लढणे आणि पळणे ह्या दोन्ही वाटा बंद झाल्या की शरीर थिजते. हात उचलत नाहीत, आवाज फुटत नाही. माणूस जागा असतो, पण देह त्याच्या आज्ञेत नसतो. स्टॉकहोम येथे अत्याचारानंतर तातडीच्या उपचारासाठी आलेल्या २९८ स्त्रियांची पाहणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. त्यांतील ७० टक्के स्त्रियांनी प्रसंगकाळी अशी थिजण्याची अवस्था लक्षणीय प्रमाणात अनुभवली होती, आणि ४८ टक्क्यांनी ती अतितीव्र स्वरूपात. म्हणजे ज्या निश्चलतेला न्यायालय संमतीची खूण समजले, ती पुष्कळ वेळा भयाची खूण असते. शरीराने साक्ष दिलीच होती; ती वाचणाऱ्याला लिपी ठाऊक नव्हती.

आणि येथेच उपचाराचा प्रश्न उभा राहतो. थिजलेले शरीर प्रसंग सरला म्हणून आपोआप सैल होत नाही. खांदे वर ओढलेले राहतात, श्वास छातीच्या वरच्या भागातच अडकतो, मागून पाऊल वाजले तरी अंग ताठ होते. कित्येकींना शरीराचा काही भाग आपला वाटतच नाही. अशा स्त्रीला ‘मन मोकळे कर, बोल’ असे आपण आग्रहाने सांगतो. परंतु बोलणे हीच तिला सर्वांत अवघड गोष्ट असते. पोलिसांपुढे, डॉक्टरांपुढे, दंडाधिकाऱ्यांपुढे आणि मग उलटतपासणीत तिने तेच तेच सांगितलेले असते. त्या प्रत्येक वेळी शब्दांचा उपयोग इतरांना झालेला असतो, तिला नव्हे.

शब्दांवाचून दुखण्यापर्यंत पोहोचण्याची वाट ज्यांनी शोधली त्यांत मॅरियन चेस ह्या अमेरिकन नर्तकीचे नाव प्रथम घेतात. डेनिशॉन ह्या नृत्यसंस्थेत त्यांचे शिक्षण झाले होते. त्याच संस्थेच्या मंडळीने १९२५-२६ साली पूर्वेकडे दौरा केला आणि हिंदुस्थानातही कार्यक्रम केले. चेसबाई वॉशिंग्टनमध्ये नृत्यशाळा चालवीत. तेथे येणाऱ्या काही विद्यार्थिनींना रंगभूमीची हौस नाही, तरी नाचल्यानंतर त्यांना बरे वाटते, हे त्यांच्या ध्यानात आले. १९४२ साली तेथील सेंट एलिझाबेथ ह्या मनोरुग्णालयात त्या काम करू लागल्या. महायुद्धातून परतलेले, बोलणे जवळजवळ सोडून दिलेले सैनिक त्या रुग्णालयात होते. चेसबाई त्यांना वर्तुळात उभे करीत, ज्याची जी हालचाल असेल तिच्यात आपली हालचाल मिळवीत, आणि हळूहळू त्या वर्तुळाला एक सामायिक ताल येई. शिकवायचे असे काही नव्हते. ‘तू आहेस, आणि मी तुला पाहते आहे’, एवढेच त्या हालचालींतून सांगितले जात होते. १९६६ साली अमेरिकेत नृत्योपचारकांची संघटना स्थापन झाली, तिच्या चेसबाई पहिल्या अध्यक्षा.

भारतात ह्या पद्धतीचे काम १९९० च्या सुमारास त्रिपुरा कश्यप ह्यांनी आरंभिले. लैंगिक अत्याचारातून वाचलेल्या मुलींसाठी मात्र ती वापरली गेली ती प्रथम ठळकपणे कलकत्त्यात. समाजशास्त्राच्या पदवीधर आणि नर्तकी असलेल्या सोहिनी चक्रवर्ती ह्यांनी १९९० नंतरच्या दशकात, देहविक्रयासाठी पळवून नेलेल्या आणि सोडवून आणलेल्या मुलींच्या निवाऱ्यात हे काम सुरू केले. पुढे २००४ साली त्यांनी ‘कोलकाता संवेद’ ही संस्था उभारली. त्या संस्थेची सर्वांत महत्त्वाची गोष्ट आम्हांला ही वाटते, की ज्या मुली आरंभी उपचार घेणाऱ्या होत्या त्यांपैकीच काही पुढे प्रशिक्षित होऊन संस्थेच्या आधारस्तंभ झाल्या आणि इतरांना शिकवू लागल्या. दयेची पात्रे म्हणून आलेल्या मुली ज्ञानाच्या अधिकारी झाल्या. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने ह्याच संस्थेच्या सहकार्याने नृत्योपचाराचा पदविका अभ्यासक्रम काढला, तेव्हा ही विद्या महाराष्ट्रातही रीतसर आली.

प्रत्यक्षात तेथे काय चालते, हे सांगितले पाहिजे. कारण ‘नृत्य’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे रंगमंच, पायांतले चाळ आणि टाळ्या येतात. ह्यांतले तेथे काहीही नसते. आरंभ श्वासापासून होतो. पाय जमिनीवर नीट रोवून उभे राहणे, तळव्याखालची जमीन जाणवणे, एवढाही धडा पुष्कळ दिवस पुरतो. मग दोन्ही हात पसरून आपल्याभोवती एक कडे कल्पावयाचे: हे माझे आवार, माझ्या परवानगीवाचून ह्यात कोणी यावयाचे नाही. जिच्या देहाची हद्द दुसऱ्याने मोडली तिला ती हद्द पुन्हा आखून दाखवणे, हा ह्या साऱ्या पद्धतीचा गाभा आहे. पुढे जोडीने काम होते. एकीने हात उचलला की दुसरीने तसाच उचलावयाचा, जणू आरसा. मग भूमिका उलट करावयाच्या. जिची आज्ञा कोणी कधी मानली नाही, तिच्या हालचालीमागून दुसरी हलते, ही गोष्ट लहान नाही. तळहात पुढे करून ‘नको’ म्हणणे, पाय आपटणे, जोराने अंग झटकणे, ह्यांनाही तेथे जागा असते. विचारल्यावाचून स्पर्श करावयाचा नाही. आणि जिला बाजूला बसून नुसते पाहावयाचे आहे तिने तसे बसावे, त्याचा कोणी विषाद मानू नये. कोणीही तिला ‘काय झाले ते सांग’ म्हणत नाही. सांगावेसे वाटले, तर ती आपणहून सांगते.

येथे आपल्या समाजाची एक जुनी अढी आडवी येते, आणि ती नीट पाहिल्यावाचून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. आपल्या भाषेत ‘नाचणारी’ हा शब्द शिवीसारखा वापरला गेला. गोव्यातील कलावंत आणि भावीण समाजांच्या स्त्रियांनी देवळाच्या चौकात पिढ्यान् पिढ्या नृत्यगायन केले. त्या कलेचा उपभोग घेणाऱ्या समाजाने त्यांना प्रतिष्ठा मात्र दिली नाही. राजाराम पैंगीणकर ह्यांचे ‘मी कोण?’ हे १९६९ सालचे आत्मकथन त्या अपमानाचे आणि त्यातून उभ्या राहिलेल्या चळवळीचे साक्षीदार आहे. मुंबई इलाख्यात १९३४ साली देवदासींच्या संरक्षणाचा कायदा झाला. अलीकडे, २००५ साली, महाराष्ट्र शासनाने मद्यालयांतील नृत्यावर बंदी घातली, आणि २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली. ह्या साऱ्या वादांत स्त्रीच्या नाचण्याचा विचार झाला तो पाहणाऱ्या पुरुषाच्या संदर्भात. नाचणाऱ्या स्त्रीला आपल्या देहाविषयी काय वाटते, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारला. ज्या मुलीला बाजारात बसवून नाचावयास लावले असेल, तिच्या मनात नृत्याविषयी भय आणि घृणा असणे स्वाभाविकच आहे. अशा मुलीपुढे ‘नृत्याने तू बरी होशील’ असे सांगत जाणे हा क्रूरपणा ठरेल. म्हणूनच उपचारक तेथे हालचालीपासून आरंभ करतात, नृत्य हे नावही उच्चारीत नाहीत.

तथापि आपल्या परंपरेत दुसराही प्रवाह आहे, आणि तो कोणासाठी नाचावयाचे ह्या प्रश्नाचे निराळे उत्तर देतो. गोव्यात पौष महिन्यात चांदण्या रात्री बायका मांडावर धालो घालतात. मांड ही पवित्र मानलेली जागा. तेथे खेळणाऱ्या स्त्रियाच, आणि समोरासमोरच्या दोन ओळी गाण्याच्या तालावर पुढे येतात व मागे सरतात. देशावर मंगळागौरीची रात्र, झिम्मा, फुगडी आणि भोंडल्याचा फेर, विदर्भात भुलाबाई. ह्या खेळांत प्रेक्षक नसतो. सासरच्या जाचाची गाऱ्हाणी गाण्यातून बोलली जातात, दिवसभर वाकलेले अंग मोकळे होते, आणि वर्तुळातली प्रत्येक जण दुसरीचा हात धरून असते. ह्या खेळांना आम्ही उपचार म्हणत नाही. तसे म्हणणे म्हणजे दोहोंचाही अनादर होय. परंतु सुरक्षित मांड, सामायिक ताल आणि बाहेरच्या नजरेचा अभाव ह्या ज्या तीन गोष्टी आधुनिक उपचारक प्रयत्नपूर्वक निर्माण करतात, त्या आपल्या आजीपणजींना परक्या नव्हत्या, एवढे म्हणण्यास हरकत नाही.

आदिलाबादच्या मुलुखात तर नृत्य हे धर्माचेच अंग आहे. दिवाळीच्या दिवसांत गोंडांच्या दंडारीची पथके गावोगाव पाहुणी म्हणून जातात. मोरपिसांचा डौलदार मुकुट घातलेले, अंगाला राख फासलेले गुसाडी तालावर नाचतात, आणि त्या काळात त्यांच्या अंगी देवत्व असते अशी श्रद्धा आहे. मार्लवाईचे कनक राजू ह्यांना ह्या गुसाडी नृत्यासाठी २०२१ साली पद्मश्री मिळाली. २०२४ साली ते निवर्तले. ते मार्लवाई गाव आमच्या विषयाला आणखी एका कारणाने जवळचे आहे. १९४० साली जोडेघाट येथे कुमरम भीम मारले गेले, आणि त्यानंतर निजाम सरकारला आदिवासींच्या गाऱ्हाण्यांकडे पाहणे भाग पडले. तेव्हा मानवशास्त्रज्ञ हायमेन्डॉर्फ मार्लवाईत येऊन राहिले, आणि त्यांच्या पुढाकाराने गोंडी मुलांसाठी गोंडी भाषेतली, देवनागरी लिपीतली वाचनपुस्तके निघाली. परक्या भाषेत लिहिलेल्या कागदावर अंगठा देऊन जमीन गमावलेल्या लोकांना आपल्या भाषेत अक्षर मिळाले, की ते निम्मे सावरतात, हा त्या प्रयोगाचा धडा होता. तोच धडा येथेही लागू आहे. भीमपूरच्या गोंड वा मराठी मुलीसाठी उद्या कोणी नृत्योपचाराचे वर्ग काढील, तर त्यातला ताल आणि बोल तिच्या ओळखीचे असले पाहिजेत. शहरातून आणलेली ठरावीक कवायत तिला आणखी एक परकी भाषा वाटेल. मात्र गुसाडीचे नृत्य उचलून उपचारात घालणेही योग्य नव्हे. ते पुरुषांचे व्रत आहे, त्याचे नियम आहेत. त्याची मोडतोड करण्याचा अधिकार कोणालाही नाही.

ह्या पद्धतीविषयी अतिशयोक्ती करणारेही भेटतात, म्हणून तिच्या मर्यादा सांगणे आमचे कर्तव्य आहे. उदासीनतेच्या विकारावर नृत्योपचाराचा उपयोग तपासणारा एक काटेकोर आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात निकषांना उतरणारे अभ्यास तीनच निघाले, त्यांत भाग घेणारे मिळून १४७. आणि एवढ्यावरून निश्चित निष्कर्ष काढता येत नाही, असे त्या अभ्यासकांनी स्पष्ट म्हटले. जवळच्या दुसऱ्या एका पद्धतीचा, म्हणजे योगाचा, पुरावा काहीसा बळकट आहे. अमेरिकेत ६४ स्त्रियांवर झालेला एक प्रयोग २०१४ साली प्रसिद्ध झाला. जुन्या आघाताचा विकार इतर उपायांनी न हटलेल्या अशा त्या स्त्रिया होत्या. योगवर्गातील ३१ पैकी १६ जणी अखेरीस त्या विकाराच्या व्याख्येत बसेनाशा झाल्या. आरोग्यशिक्षणाच्या गटात हे प्रमाण २९ पैकी ६ होते. शरीराच्या वाटेने मनापर्यंत जाता येते, ह्या म्हणण्याला त्यामुळे आधार मिळतो. परंतु अर्धवट शिकलेल्या माणसाच्या हाती ही पद्धत घातकही ठरू शकते. एखादी मुद्रा, एखादे गाणे, अंधारलेली खोली, ह्यांनी जुना प्रसंग एकदम जागा होतो. म्हणून उपचारक प्रशिक्षित हवा, आणि त्याच्या पाठीशी मानसोपचारतज्ज्ञ हवा.

आता आमच्या व्यवसायाकडे. कायदा आज पीडितेला काय देतो? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ प्रमाणे प्रत्येक रुग्णालयाने, मग ते सरकारी असो की खासगी, तिला विनामूल्य प्रथमोपचार किंवा वैद्यकीय उपचार दिले पाहिजेत. कलम ३९६ प्रमाणे राज्याने भरपाईची योजना ठेवली पाहिजे. राष्ट्रीय विधिसेवा प्राधिकरणाच्या २०१८ च्या योजनेत बलात्कारासाठी ४ ते ७ लाख रुपये ठरवले आहेत. नदीपलीकडे, महाराष्ट्रात, २०१३ पासून मनोधैर्य योजना आहे, आणि तिच्यात अर्थसाहाय्याबरोबर समुपदेशनाचाही विचार आहे. २०१५ पासून ‘सखी’ केंद्रांची योजना आली. बालकांच्या संरक्षणाच्या २०१२ च्या कायद्यात दुभाष्याची तरतूद आहे. म्हणजे चौकट उभी आहे. उणीव आहे ती ‘उपचार’ ह्या शब्दाच्या अर्थाची. व्यवहारात उपचार म्हणजे जखमेची पट्टी, गोळ्या आणि तपासणीचा कागद एवढेच समजले जाते. थिजलेल्या शरीराला पुन्हा चालते करणे हाही उपचारच होय, आणि तो वर्षभर चालू राहू शकतो, हे योजनांच्या नियमांत लिहिले गेले पाहिजे. जिल्ह्याच्या ठिकाणी तिची भाषा जाणणारी एक तरी प्रशिक्षित स्त्री त्यासाठी नेमली गेली पाहिजे.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. देसाईगंजच्या मुलीकडून शरीराने जखम दाखवावी अशी अपेक्षा होती. ती अपेक्षा कायद्याने मोडली, परंतु तिच्या जागी दुसरी आली: शरीराने दुःख दाखवावे. गोव्यात २०२१ साली म्हापशाच्या सत्र न्यायालयाने एका गाजलेल्या खटल्यात आरोपीची मुक्तता करताना, घटनेनंतरच्या छायाचित्रांत तक्रारदार स्त्री कशी दिसते, ह्याचीही चर्चा केली. त्या निकालाविरुद्ध राज्याने अपील केले. खटल्याच्या खरेखोटेपणाविषयी आम्ही येथे काहीही म्हणत नाही. प्रश्न तत्त्वाचा आहे. आघात झालेली प्रत्येक स्त्री एकाच रीतीने वागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली न्यायाधीशांसाठी काढलेल्या पुस्तिकेत सांगितले. तरीसुद्धा, उपचारवर्गात तालावर हात उंचावणारी, कदाचित हसणारी मुलगी उद्या साक्षीला उभी राहिली, आणि ‘तुम्ही त्या दिवसांत नाचत होता, हे खरे ना?’ असा प्रश्न तिला विचारला गेला, तर काय? उलटतपासणीची कला आम्हांला परिचित आहे, आणि हा प्रश्न किती सहज सुचेल हेही आम्ही जाणतो. म्हणून उपचाराच्या खोलीत जे घडते ते पुराव्यात ओढले जाऊ नये, अशी स्पष्ट तरतूद हवी. वकील आणि अशील ह्यांच्यातील बोलण्याला कायदा जे संरक्षण देतो, त्याच जातीचे संरक्षण पीडिता आणि उपचारक ह्यांच्यातील कार्याला मिळाले पाहिजे. ते मिळत नाही तोवर प्रत्येक मुलीपुढे एक अनुचित निवड राहील: आधी बरे व्हावे, की आधी खटला जिंकावा?

ह्या निवडीचा भार तिच्यावर पडू नये. न्यायालयाला पुरावा हवा. तो त्याने तपासाच्या कौशल्यातून, शास्त्रीय परीक्षेतून, साक्षीदारांच्या तोंडून मिळवावा. तिचे दुःख दिसत राहावे म्हणून तिने वाकलेले राहावे, ही अट कोणत्याही संहितेत लिहिलेली नाही. ती आपल्या नजरेत आहे, आणि तेथूनच ती काढावी लागेल. पैनगंगेच्या अलीकडे असो वा पलीकडे, एखादी मुलगी आपले दोन्ही हात पसरून स्वतःभोवती कडे आखते तेव्हा ती कोणाला काही सिद्ध करून दाखवीत नसते. ती आपली हद्द पुन्हा ताब्यात घेत असते. त्या हद्दीच्या आत न्यायाधीश, वकील, डॉक्टर आणि समाज ह्यांपैकी कोणीही विचारल्यावाचून पाऊल टाकू नये.